वकिलाच्या नोटिशीला घाबरलात, पंचायतीचा कागद मात्र ड्रॉवरमध्ये

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. मी आणि माझी जाऊ २०१४ पासून घरी मिस्कूट (कैरीचं लोणचं), कोकमाचं आगळ, फणसाचे पापड आणि खतखत्याचा मसाला करतो. मालाला आमच्या ग्रामदेवतेचं नाव दिलं आहे. आधी बचत गटाच्या स्टॉलवर विकायचो, आता माशेल, म्हापशापर्यंतच्या दुकानांत माल जातो. गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका वकिलांची आठ पानी नोटीस रजिस्टर पोस्टानं आली. त्याच नावानं मसाले विकणारी एक कंपनी आहे म्हणे. ७ दिवसांत नाव वापरायचं बंद करा, सगळी लेबलं ताब्यात द्या, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या, ५ लाख रुपये भरपाई द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करून पाठवा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू, असं त्यात आहे. पोलीस येतील या भीतीनं सासूबाईंना रात्रीची झोप नाही. हे म्हणतात, पुन्हा पाकीट आलं तर घेऊच नको. भाचा म्हणतो, सही करून मोकळ्या व्हा आणि इन्स्टाग्रामचं पेज काढून टाका. लेबल त्यानंच दोन वर्षांपूर्वी करून दिलं होतं, चित्र नेटवरून घेतलं होतं. मधल्या काळात घरामागच्या शेडबद्दल पंचायतीचीही एक नोटीस आली आहे, पण सरपंच ओळखीचे आहेत म्हणून ती ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. शेड तीन वर्षांपूर्वीची आहे, तिची घरपट्टी भरतो, पावती आहे. दोन्ही नोटिशींचे आणि बरण्यांचे फोटो पाठवते. वकिलाची फी परवडणार नाही. काय करू?

— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर

प्रिय ताई,

आधी ड्रॉवरमधला कागद बाहेर काढा. तुमची झोप आठ पानांच्या नोटिशीनं उडवली, पण तुमच्यावर खरा अधिकार चालतो तो त्या एका पानाच्या कागदाचा.

‘हे थांबवा’ म्हणणारे कागद वेगवेगळ्या हातांतून येतात आणि कोणाच्या हातातून आला यावर त्याचं वजन ठरतं. वकिलाची नोटीस म्हणजे त्यांच्या अशिलाची मागणी. तिची भाषा कितीही कडक असली तरी तो हुकूम नाही. वकील तुम्हाला दंड करू शकत नाही, तुमचं दुकान बंद करू शकत नाही. पंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळ, किनारपट्टी प्राधिकरण यांच्या नोटिशीमागे मात्र कायद्यानं दिलेला अधिकार असतो आणि दुर्लक्ष केलंत तर त्यांना स्वतः पुढची कारवाई करता येते. तिसरा कागद न्यायालयाच्या मनाई हुकमाचा. तो चुकीचा वाटला तरी रद्द होईपर्यंत पाळावाच लागतो. मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. सुदैवानं हा तिसरा कागद अजून तुमच्याकडे आलेला नाही.

आता पंचायतीचं. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही, असलेल्या बांधकामात भर घालता येत नाही. तुमच्या नोटिशीत दोन गोष्टी आहेत. काम ताबडतोब थांबवा, आणि १५ दिवसांत कारणं दाखवा. नोटीस मिळाल्याची तारीख तुमच्याच सहीनं पोचपावतीवर आहे. तिथून मोजलं तर आज नऊ दिवस संपलेत. सरपंच ओळखीचे असतील, पण कोणीतरी तक्रार केल्याशिवाय ही नोटीस निघालेली नाही हे मजकुरातच लिहिलंय, आणि तक्रारदार पाठपुरावा करणारच. पंचायत गप्प बसली तर पंचायत उपसंचालक ती कारवाई हातात घेऊ शकतात. शिवाय मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं बेकायदा बांधकामांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन पंचायतींना आणि अधिकाऱ्यांना कारवाई न केल्याबद्दल जबाबदार धरायला सुरुवात केली. तेव्हापासून ओळखीवर भिस्त ठेवण्याचे दिवस गेले. सरपंच तुम्हाला वाचवायला गेले तर तेच अडचणीत येतील, त्यांनाही त्या पेचात टाकू नका.

तुम्ही लिहिलंय की शेडची घरपट्टी भरता, पावती आहे. ताई, घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. आपल्याकडे हा गैरसमज इतका पक्का बसलाय की माणसं पंधरा-पंधरा वर्षांच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतात आणि त्यांचा उपयोग नाही हे ऐकल्यावर खचतात. २०१६ चा नियमितीकरणाचा कायदा २८ फेब्रुवारी २०१४ च्या आधीच्या बांधकामांसाठी होता. तुमची शेड तीन वर्षांपूर्वीची, ती त्यात बसत नाही.

म्हणून उत्तर खरं द्या. शेड कधी घातली, किती मीटरची आहे, कशासाठी वापरता, जमीन कोणाच्या नावावर आहे, ते लिहा. फॉर्म एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि सर्व्हे प्लॅनची प्रत जोडा. नोटीस आल्यापासून पुढचं काम थांबवलंय हे लिहा आणि खरंच थांबवा. भिंतीचा उरलेला भाग बांधायला गवंडी उद्या येणार असेल तर आजच त्याला नको म्हणून सांगा. परवानगीसाठी अर्ज करायची तयारी आहे, प्रत्यक्ष म्हणणं ऐकून घ्यावं, अशी विनंती करा. दोन प्रती न्या, एक पंचायतीत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सचिव नंतर या म्हणाले तर तिथंच थांबा.

मोडतोडीची भीती असेल तर हे लक्षात ठेवा. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय बांधकाम पाडायचं नाही. त्या नोटिशीला किमान १५ दिवस द्यायचे, म्हणणं ऐकायचं, आणि अंतिम आदेशानंतरही आणखी १५ दिवस थांबायचं. रस्ता, फूटपाथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. तुमची शेड स्वतःच्या जागेत आहे, त्यामुळे बोलायला जागा आहे. पण ती उत्तर देणाऱ्यालाच.

आता त्या आठ पानांकडे येऊ. मी ती दोनदा वाचली. पहिली तीन पानं कंपनी किती मोठी आहे यावर खर्च झालीत. ती सोडून द्या. अशा नोटिशीत कामाचं असतं ते एवढंच: मागणारा कोण, त्याचा हक्क कोणता, तुम्ही नेमकं काय केलं असं तो म्हणतो, आणि त्याला काय हवंय. तुमच्या नोटिशीत हक्काचं वाक्य पाचव्या पानावर आहे. ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक दिलाय, वर्ग ३०, म्हणजे मसाले वगैरे मालाचा गट, लिहिलाय. हा क्रमांक ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येतो. तपासाच. नोटिशीत ‘नोंदणीकृत’ लिहिलेलं असतं आणि तिथं पाहिलं तर अर्जावर आक्षेप निघालेला किंवा अर्ज सोडून दिलेला असतो, असं पुष्कळदा होतं. तुमच्या बाबतीत तसं नाही, त्यांची नोंदणी खरी आहे. पण तिथं आणखी दोन गोष्टी दिसतात, आणि त्या तुमच्या बाजूच्या आहेत.

एक, अर्जाची तारीख २०१९ ची आहे आणि वापराच्या रकान्यात ‘वापरण्याचा विचार’ असं लिहिलंय. म्हणजे त्यांच्याच अर्जाप्रमाणे २०१९ मध्ये ते हे नाव वापरत नव्हते. तुम्ही २०१४ पासून वापरताय. ट्रेडमार्क कायदा, १९९९ चं कलम ३४ अशाच माणसासाठी आहे. नोंदणी करणाऱ्याचा वापर आणि त्याची नोंदणी, या दोन्हींच्या आधीपासून जो एखादं नाव सलग वापरत आला, त्याला नोंदणीच्या जोरावर थांबवता येत नाही. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई हलव्या’च्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचढ असतो. हलवा विकणाऱ्यांचंच भांडण होतं ते, तुमच्याइतकंच घरगुती.

दुसरं, त्यांची नोंदणी चित्रासकट लेबलाची आहे, नुसत्या शब्दाची नाही. आणि शब्द देवतेचा आहे. ‘रामायण’ हे नाव उदबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचं करून मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच नकार दिला होता. ते धर्मग्रंथाचं नाव होतं, तुमचं ग्रामदेवतेचं आहे, म्हणून तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण ज्या देवीची देवळं गावोगावी आहेत, तिचं नाव सगळ्या गोव्यात फक्त आपलंच, असं म्हणणं न्यायालयात पटवणं सोपं जाणार नाही.

हे सगळं ‘आम्ही २०१४ पासून करतोय’ या वाक्यावर उभं आहे आणि ते वाक्य कागदानं सिद्ध करावं लागेल. बचत गटाच्या स्टॉलची पावती, पहिल्या लेबलांचं छापखान्याचं बिल, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, दुकानदारांना दिलेली बिलं, बँकेचं पासबुक, जत्रेतल्या स्टॉलचे फोटो, सगळं शोधा. सलग म्हणजे सलग. २०१६ चं काही आहे आणि नंतर थेट २०२१ चं, असं असेल तर मधली वर्षं कशानं भरून काढता येतील ते पाहा. माशेलच्या दुकानदाराकडे जुनी वही असेल, त्याला विचारा.

म्हणूनच इन्स्टाग्रामचं पेज काढून टाकू नका. तुमची सर्वात जुनी पोस्ट चवथीच्या बाजारातल्या बरण्यांची आहे, त्यावर तारीख आहे, नाव वाचता येतं. भाचा जे पुसायला सांगतोय तोच तुमचा पुरावा आहे. आणि दावा होणार हे माहीत असताना काही नष्ट केलं तर न्यायालय त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध काढतं.

यजमानांचा सल्लाही ऐकू नका. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं पाकीट तुम्ही नाकारलंत तरी कायदा ते तुम्हाला मिळालं असंच धरतो. फक्त आत काय होतं ते तुम्हाला कळत नाही. पाकिटं घ्या, त्यांच्यावर आल्याची तारीख घाला, फेकू नका.

आता मी सांगते ते कदाचित आवडणार नाही. लेबल बदला. तुमच्या आणि त्यांच्या बरणीचे फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. पिवळ्या जमिनीवर लाल महिरप, मधोमध समई, खाली दोन बाजूंना आंब्याची पानं, अक्षरांचं वळणसुद्धा तेच. नाव झाकलं तर कोणती बरणी कोणाची ते मलाही सांगता आलं नाही, मग गिऱ्हाइकाला काय सांगता येणार! नाव तुमचं जुनं आहे पण हे चित्र दोन वर्षांपूर्वीचं आणि उचललेलं आहे. त्यावर त्यांचा ट्रेडमार्कचाही हक्क आहे आणि कॉपीराइटचाही. नेटवर मिळालं म्हणून ते कोणाचंच नसतं असं नाही. इथं ती कंपनी बरोबर आहे आणि तिनं पत्र पाठवलं यात गैर काही नाही. भाच्यानं मुद्दाम केलं नसेल, पण पुढच्या छपाईपासून साधं लेबल करा. तुमच्या अक्षरात नाव, तुमच्या गावाचं नाव, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. हे स्वतःहून केलंत तर उरलेल्या भांडणात तुमची बाजू स्वच्छ राहते.

जाता जाता, मसाल्याच्या पाकिटावर ‘अस्सल खोला मिरची’ असंही छापलंय. काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मिरचीला लावता येतं. तुम्ही खरंच तिथली मिरची आणत असाल तर खरेदीची बिलं ठेवा. बाजारातली दुसरी मिरची असेल तर ते शब्द आजच काढा. तशी नोटीस आली तर तिला उत्तर नसेल.

सासूबाईंना सांगा, या नोटिशीवरून उद्या सकाळी पोलीस येणार नाहीत. ट्रेडमार्क कायद्यात फौजदारी कलमं आहेत, पण ती बनावट माल विकणाऱ्यांसाठी. आणि त्यातही झडती-जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो, त्यानं आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. २०१४ पासून स्वतःच्या नावाखाली मिस्कूट विकणाऱ्या बाईसाठी ती कलमं लिहिलेली नाहीत.

हमीपत्रावर सही मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. मी ते नीट वाचलं. त्यात ‘आम्ही उल्लंघन केल्याचं मान्य करतो’ असं आहे, ‘हे किंवा याच्याशी मिळतंजुळतं कोणतंही नाव कोणत्याही मालासाठी पुन्हा कधी वापरणार नाही’ असं आहे, आणि मोडल्यास दर दिवशी रक्कम भरू असंही आहे. दोन जावांनी इतक्या वर्षांत उभा केलेला धंदा एका सहीत जाईल. घाबरवून अशी सही घेणं मला मनापासून चीड आणतं, कारण ज्यांच्याकडे वकील नसतो त्यांच्याकडूनच ती मिळते.

७ दिवसांची मुदत त्यांनी घातलीय, कायद्यानं नाही. ती टळली म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. तरीही गप्प बसू नका, कारण उद्या प्रकरण न्यायालयात गेलं तर ‘नोटीस दिली, उत्तरही आलं नाही’ हे वाक्य ते पहिल्याच पानावर लिहितील. वकील मिळेपर्यंत वेळ मागणारं छोटं पत्र आजच स्पीड पोस्टानं, नोंदणीसह पाठवा:

‘आपली अमुक तारखेची नोटीस अमुक तारखेला मिळाली. तिच्यातला मजकूर आम्हाला मान्य नाही. कागदपत्रं गोळा करून सविस्तर उत्तर देण्यासाठी २१ दिवसांची मुदत द्यावी. हे पत्र आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून देत आहोत.’

एवढंच. देवीची महती नको, गरिबीचं वर्णन नको, कंपनीला दूषणं नकोत. त्यांच्या वकिलांना फोन करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर काहीच लिहू नका. ‘चूक झाली, सांभाळून घ्या’ हे आपण बोलण्याच्या ओघात सहज म्हणतो, आणि तेच कबुलीजबाब म्हणून पुढं येतं.

सविस्तर उत्तर वकिलानंच लिहावं. त्यात कलम ३४ चा मुद्दा, तुमच्या पुराव्यांची यादी, लेबल बदलत असल्याची माहिती, आणि भरपाईला स्पष्ट नकार असावा. कलम १४२ चा उल्लेखही करायला सांगा. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध उलट दावा करायची सोय त्या कलमात आहे. नोंदणीकृत मालकानं वेळेत स्वतः दावा लावला तर ते कलम चालत नाही, त्यामुळे तुम्ही लगेच दावा ठोका असं मी सांगत नाही. पण त्यांच्या वकिलांना कळेल की समोर कलमं वाचणारा माणूस आहे.

आणखी एक काम वकिलाकडून करून घ्या, कॅव्हेट. कंपनी न्यायालयात जाऊन तुमच्या गैरहजेरीत तात्पुरता मनाई हुकूम मागू शकते. दिवाणी संहितेच्या कलम १४८अ खाली तुम्ही आधीच कॅव्हेट टाकलं तर तुम्हाला कळवल्याशिवाय तसा अर्ज चालत नाही. ते ९० दिवस टिकतं, मग पुन्हा टाकावं लागतं. दावा कंपनीच्या गावीही लागू शकतो, म्हणून फक्त उत्तर गोवा जिल्हा न्यायालयात टाकून भागेल की मुंबईतही लागेल, हे वकील ठरवेल. खर्च फार नसतो. तातडीचा हुकूम मागितला नाही तर बहुतेक अशा व्यापारी दाव्यांआधी मध्यस्थी सक्तीची असते. तसं बोलावणं आलं तर जा. नाव तुमच्याकडे, चित्र त्यांच्याकडे, पैसे कोणाचेच नाहीत, अशी तडजोड तिथं होऊ शकते आणि मला ती योग्य वाटते.

वकिलाची फी परवडणार नाही असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हा उपकार नाही, तुमचा हक्क आहे. डिचोलीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा किंवा १५१०० वर फोन लावा. अर्ज तुमच्या आणि जाऊबाईंच्या नावानं करा, यजमानांच्या नावानं नको. जाताना आधार कार्ड, दोन्ही नोटिसा, पाकिटं, नव्या-जुन्या लेबलांचा एकेक नमुना आणि सापडतील तेवढी बिलं वर्षांप्रमाणे लावून न्या. पंचायतीच्या उत्तरासाठी मात्र वकिलाची वाट पाहू नका, ते या आठवड्यातच द्या.